श्रमिक स्थलांतर व नागरी निवारा

रोजगारासाठी शहरात येणाऱ्या श्रमिकांची राहण्याची सोय कोण व कोठे करतो आणि त्या सोयीमुळे शहराच्या वाढीला कसे वळण लागते, याचा विचार या विषयात होतो. अर्थशास्त्र, लोकसंख्याशास्त्र व नगररचना या तीन शास्त्रांत तो विभागला गेल्यामुळे मजुरीची चर्चा एकीकडे आणि खोलीची दुसरीकडे, असे पुष्कळदा घडले आहे.

स्थलांतराच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ सामान्यतः ई. जी. रॅव्हेनस्टाइन यांच्या १८८५ च्या निबंधापासून मानतात. बहुतेक स्थलांतरित फार दूर जात नाहीत, शहरालगतचे लोक आत गेले की त्यांची जागा अधिक लांबचे लोक घेतात आणि प्रत्येक प्रवाहाला उलट प्रवाह असतो, हे त्यांनी ब्रिटिश जनगणनेच्या आधारे दाखविले. यांतील उलट प्रवाहाचे निरीक्षण निवाऱ्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे; कारण परत जायचे मनात असलेला माणूस शहरात घर नव्हे, तर पाठ टेकण्यापुरती जागा शोधतो.

जॉन हॅरिस व मायकेल टोडारो यांच्या १९७० च्या प्रतिमानानुसार श्रमिक शहरातील प्रत्यक्ष मजुरी पाहून नव्हे, तर अपेक्षित मजुरी पाहून निघतो. शहरी मजुरीला नोकरी मिळण्याच्या संभाव्यतेने गुणले असता अपेक्षित मजुरी मिळते. ती ग्रामीण उत्पन्नाइतकी होईपर्यंत ओघ चालू राहतो. यातून असा विरोधाभासात्मक निष्कर्ष निघतो, की शहरात नोकऱ्या वाढविल्यास बेकारीही वाढू शकते. मात्र या मूळ प्रतिमानात घरभाड्याला स्थान नाही. जॅन ब्रुकनर व इव्ह झेनू यांनी १९९९ मध्ये त्यात जमिनीची बाजारपेठ समाविष्ट केली. माणसे वाढली की जमिनीचे भाडे चढते, चढलेले भाडे मजुरीचा लाभ खाऊन टाकते आणि ओघाला आपोआप लगाम बसतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मूळ मांडणीपेक्षा ही सुधारित मांडणी वास्तवाला अधिक जवळची वाटते.

स्थलांतरितांमुळे घरे महागतात काय, याविषयी एकमत नाही. आल्बर्ट साइझ यांच्या २००७ मधील अभ्यासात, अमेरिकन शहराच्या लोकसंख्येच्या १ टक्का इतके परदेशी स्थलांतरित आले असता भाडी व घरांच्या किमती सुमारे १ टक्क्याने वाढलेल्या आढळल्या. उलट फिलिपा सा यांना २०१५ मध्ये ब्रिटनच्या स्थानिक क्षेत्रांत किमती घटल्याचे दिसले. जुने, सुस्थितीतील रहिवासी तेथून निघून जाणे हे त्याचे कारण त्यांनी दिले. हे निष्कर्ष वरवर दिसतात तितके विरोधी नाहीत. संपूर्ण शहर हे मोजमापाचे एकक धरले, तर बाहेर पडणारे बरेचसे लोक शहरातच दुसरीकडे मोजले जातात. एकक लहान केले की ते हिशोबातून गळतात. दोन्ही बाबतींत नवी घरे किती लवकर बांधता येतात, हा घटक निर्णायक मानणे अधिक योग्य ठरेल. आलेल्या श्रमिकाला भाडेवाढीचा दोष देणे सोपे असते. पण बांधकामावरील निर्बंध त्याने घातलेले नसतात.

स्वतः उभारलेल्या वस्त्यांचा उगम हाही वादाचा विषय आहे. रिओ दि जानेरो येथील ‘फावेला’ची (झोपडवस्तीची) सुरुवात ईशान्य ब्राझीलमधील कानुदोसच्या लढाईहून १८९७ मध्ये परतलेल्या सैनिकांनी प्रोव्हिदेन्सिया टेकडीवर केली, अशी प्रचलित हकिकत आहे. कानुदोसजवळच्या एका टेकडीवर फावेला नावाची काटेरी वनस्पती होती व तेच नाव इकडे आले, असे सांगतात. नावाची ही व्युत्पत्ती बहुधा ग्राह्य आहे. वस्तीच्या उगमाबद्दल मात्र सावधगिरी बाळगावी लागते. शहराच्या मध्यभागी श्रमिकांची दाटीवाटीची भाड्याची घरे होती. त्यांपैकी ‘काबेसा दि पोर्को’ ही मोठी वसाहत १८९३ मध्ये पाडण्यात आली. तेथून उठविलेल्यांपैकी काहींनी जवळच्या टेकडीचा आश्रय घेतला असावा, या मताकडे अलीकडील अभ्यासकांचा कल आहे. ते मान्य केल्यास वस्तीचे मूळ युद्धात नसून पाडकामात शोधावे लागते. तुर्कस्तानातील ‘गेजेकोंदू’ या शब्दाचा अर्थ मात्र उघड आहे : रातोरात उभे राहिलेले घर.

भाड्याच्या घरांचे ठळक उदाहरण बर्लिनचे. जेम्स होब्रेख्ट यांच्या १८६२ च्या आराखड्याने मोठमोठे भूखंड आखले आणि त्यांवर एकामागे एक चौक (आतील अंगणे) असलेल्या बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. १८५३ च्या बांधकाम नियमानुसार चौक किमान ५·३४ मी. लांबरुंद असणे आवश्यक होते. हे माप अग्निशामक बंब वळविण्यासाठी ठरले होते, रहिवाशाला ऊन मिळावे म्हणून नव्हे. भाडे झेपावे म्हणून कुटुंबे परक्या कामगाराला केवळ झोपण्यापुरता बिछाना देत. एक पाळीवर गेला की त्याच बिछान्यावर दुसरा निजे.

चीनमध्ये १९५८ च्या कुटुंबनोंदणी नियमांनी (हुकौ) ग्रामीण व शहरी रहिवासी वेगळे केले. २०२० च्या जनगणनेत नोंदणीच्या ठिकाणापासून दूर राहणाऱ्या ‘तरत्या’ लोकसंख्येचा आकडा सुमारे ३७·६ कोटी होता. शेन्झेनसारख्या शहरांत अशा श्रमिकांना कारखान्यांच्या वसतिगृहांनी आणि शहराने वेढलेल्या जुन्या खेड्यांनी सामावून घेतले. तेथील जमीन ग्रामसमूहाच्या मालकीची असल्याने गावकऱ्यांनी भाड्यासाठी मजल्यांवर मजले चढविले. समोरासमोरच्या खिडक्यांतून हस्तांदोलन करता येईल इतक्या जवळ उभ्या असलेल्या या इमारतींना ‘हस्तांदोलन घरे’ म्हणतात. शहराची वाढ त्यांच्यावर तोलली गेली, तरी नगररचनेच्या दृष्टीने त्या अडथळाच ठरल्या.

मालकाने दिलेल्या निवाऱ्यात नोकरी व छप्पर एकाच हातात असते. काम सुटले की घरही सुटते. सिंगापूरमध्ये २०२० च्या कोविड साथीत बहुसंख्य रुग्ण स्थलांतरित कामगारांच्या वसतिगृहांत आढळले, तेव्हा तेथील दाटीकडे सर्वांचे लक्ष गेले. मालकाच्याच घरी राहणाऱ्या घरकामगार स्त्रिया आणि बांधकामाच्या जागेवरच पाल ठोकून राहणारे मजूर गृहनिर्माणाच्या गणनेत क्वचितच येतात. इमारत पुरी झाली की मजुरांचे पाल हलते व पुढच्या पायाजवळ पुन्हा ठोकले जाते.