पाचवी-आठवीची परीक्षा परत का आली : पार्श्वभूमी

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून राज्यात पाचवी आणि आठवीसाठी उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवणारी वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली, तेव्हा कोल्हापूर परिसरातील पालकांच्या बैठकांत ‘बरे झाले, ढकलपास बंद झाले’ हे वाक्य सर्रास ऐकू येत होते. हे समाधान समजण्यासारखे आहे. मात्र २०१० पासून शिक्षण हक्क कायद्याने नापास करणे थांबवताना त्याच्या जागी काय करायला सांगितले होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे त्या वाक्यात येत नाही.

सक्तीचे शिक्षण या जिल्ह्याला नवे नाही. १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला गेला, हे इथल्या प्रत्येक शिक्षकाला पाठ आहे. त्या कायद्याचा रोख मूल शाळेत येण्यावर होता. आलेले मूल शिकले की नाही, याचा निवाडा पुढची कित्येक दशके वार्षिक परीक्षा आणि तपासणीला येणारे साहेब यांच्यावरच सोपवलेला राहिला.

त्याला पर्याय शोधण्याचे प्रयत्न तुरळक होते. कोल्हापुरातच १९८५ मध्ये सुरू झालेल्या एका लहानशा शाळेने मुलांच्या अनुभवातून आणि आनंदातून शिकवण्याचा आग्रह धरला आणि तिचे नाव राज्यभर झाले, पण सरकारी शाळांच्या कारभारावर तिचा ठसा फारसा उमटला नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्राथमिक स्तरावर मुलाला त्याच वर्गात न ठेवण्याचे तत्त्व कायम ठेवले होते. म्हणजे ‘ढकलपास’ २०१० मध्ये आकाशातून पडले, हा समज मुळातच चुकीचा आहे. त्यानंतर प्रत्येक इयत्तेत मुलाला निदान काय यावे हे ठरवणाऱ्या किमान अध्ययन क्षमतांचा काळ आला, १९९५ चा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते, हा शब्द प्रशिक्षणांच्या फलकांवर आणला.

खरा गुंता सुरू झाला तो १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने. चर्चा झाली ती त्याच्या कलम १६ ची, कारण आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला मागे ठेवता येणार नाही किंवा शाळेतून काढता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. पण हे कलम एकटे वाचायचे नव्हते. कलम ४ नुसार शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश द्यायचा आणि बरोबरीच्या मुलांना गाठता यावे म्हणून विशेष प्रशिक्षण द्यायचे. कलम २९ नुसार वर्षभर सातत्याने आणि सर्व अंगांनी मूल्यमापन करायचे. दहा वर्षांच्या, आजवर शाळेचे तोंड न पाहिलेल्या मुलीला पाचवीत बसवायचे आणि एप्रिलमध्ये नापास करायचे, असे झाले असते तर वयानुरूप प्रवेशाला काही अर्थच उरला नसता. ऊसतोडणीसाठी मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या आणि हंगाम संपताच परतणाऱ्या कुटुंबांची मुले ज्यांनी करवीर, कागल किंवा शिरोळ भागातील शाळांच्या पटावर घेतली आहेत, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. नापास न करणे ही त्या तीन कलमांतली सर्वांत स्वस्त बाब होती. तिला ना शिक्षक लागत होता ना पैसा, आणि म्हणूनच ती तेवढी तंतोतंत अमलात आली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

उरलेल्यांपैकी मूल्यमापनाच्या कलमाचा भार राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने शिक्षकाच्या टेबलावर आणला. मूल्यमापनाचे आकारिक (शिकवताना वर्षभर चालणारे) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारे) असे दोन भाग झाले. पहिली-दुसरीला त्यांचे प्रमाण ७० आणि ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे आणि सातवी-आठवीला ४० आणि ६० असे ठरले. गुणांऐवजी अ-१ पासून इ-२ पर्यंत श्रेणी आल्या. आकारिकसाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने सुचवली होती आणि विषयाच्या स्वरूपानुसार त्यांतली काही निवडायची मुभा होती. कागदावर ही रचना विचारपूर्वक केलेली होती, हे आजही मान्य करावे लागते.

वर्गात मात्र तिचे रूप नोंदवहीचे झाले. प्रत्येक मुलाची विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक अशा रकान्यांत वर्णनात्मक नोंदी लिहायच्या होत्या. शाहूवाडी किंवा गगनबावड्याच्या वाडीवरील द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग, त्यात पोषण आहाराचा हिशेब, माहितीचे तक्ते आणि निवडणुकीची कामे; अशा वेळी ‘गटकार्यात आनंदाने सहभागी होतो’, ‘स्वच्छतेची आवड आहे’, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ ही वाक्ये छापील पुस्तिकांतून आणि पुढे मोबाईलवर आलेल्या तयार याद्यांतून उतरवली जाऊ लागली. एकच वाक्य पाच मुलांच्या पानावर दिसे, आणि ज्याला भागाकार येत नाही त्याच्या पानावर तो येत नाही हे नोंदवलेलेच नसे. नोंद पूर्ण आहे की नाही हे तपासले जात होते. त्या नोंदीवरून कुणाला पुन्हा शिकवले का, हे विचारणारे क्वचितच भेटत. दोष शिक्षकांच्या आळसाचा असल्याचे त्या काळात फार बोलले गेले. शिक्षकाला पुन्हा शिकवण्यासाठी तास कुठून मिळणार, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला.

२०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातील, ज्ञानरचनावादी वर्गांसाठी गाजलेले कुमठे बीट (एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांचा गट) पाहण्यासाठी शिक्षकांची रीघ लागली. तिथे काही वर्षांच्या मेहनतीने घडलेल्या गोष्टींतून इतर गावांत सर्वांत लवकर पोहोचली ती वर्गाच्या फरशीवर शिकण्यासाठी काढलेली रंगीत चित्रे-तक्ते, म्हणजे रंगरंगोटी. एकीकडे मुलाने स्वतः ज्ञान रचावे असे सांगितले जात होते, तर दुसरीकडे मुलांना आधीचे किती येते हे पाहणाऱ्या पायाभूत चाचणीच्या प्रश्नपत्रिका वरून येत होत्या. शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला नेली गेली, ती याच सुमारास. या परीक्षेच्या जादा तासांचे कोल्हापुरातील वेड जुने आहे. नापास होण्याची भीती कायद्याने काढली असली तरी गुणवत्ता यादीची ओढ इथे कधीच कमी झाली नव्हती, आणि शिष्यवृत्तीच्या निवडक मुलांसाठी जो वेळ काढला जात होता तो मागे पडलेल्यांसाठी निघत नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

केंद्राने २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. पाचवी आणि आठवीला नियमित परीक्षा, अनुत्तीर्ण झाल्यास जादा मार्गदर्शन आणि निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा, त्यातही यश न आल्यास त्याच वर्गात ठेवायचे की नाही हे राज्याने ठरवायचे, असे तिचे स्वरूप होते. लगेच पुढे कोरोनाची दोन वर्षे आली, परीक्षांविना सर्वांना वरच्या वर्गात पाठवले गेले आणि २०२१ च्या जुलैपासून मागच्या इयत्तेचे राहिलेले भरून काढण्यासाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यास घेण्यात आला. या काळात जो खड्डा पडला त्याचे खापरही ‘ढकलपास’वरच फुटले.

राज्याने डिसेंबर २०२३ मध्ये परीक्षेची कार्यपद्धती ठरवली. पाचवीला विषयवार ५० आणि आठवीला ६० गुण, उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के, थोड्या गुणांनी राहणाऱ्यांना सवलतीचे गुण आणि जूनमध्ये पुनर्परीक्षा. जादा मार्गदर्शनाचा काळ त्यामुळे नेमका उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो. शिक्षक सुट्टीवर आणि मुले मामाच्या गावी असताना, वर्षभरात जे जमले नाही ते कोणी आणि कधी शिकवायचे, याचे उत्तर ज्या-त्या शाळेवर सोडले गेले आहे. सहावी ते आठवीत वयानुरूप प्रवेश हवा असल्यास पाचवी उत्तीर्ण असण्याची अटही याच वेळी आली. उसाच्या फडावरून येणाऱ्या बारा वर्षांच्या मुलासाठी कलम ४ ची वाट त्यामुळे अरुंद झाली आहे, पण पालकसभांत या अटीची वाच्यता होत नाही.

इतर इयत्तांना २०१० चीच पद्धत लागू राहिल्याने पाचवीला गुण आणि अलीकडे-पलीकडे चौथी-सहावीला श्रेणी, अशी स्थिती निर्माण झाली. २०२५-२६ मध्ये पहिलीपासून नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला असून २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगती पत्रकाची, म्हणजे गुणांपलीकडे मुलाच्या सर्वांगीण प्रगतीची नोंद घेणाऱ्या पत्रकाची, कल्पना मांडलेली आहे. त्यातही शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी नोंदी करणे अपेक्षित आहे.