टाके उसवले की लक्ष्य हरवतं

2023 च्या सुरुवातीला अकोल्याची एक बातमी आली होती. गोरं करणारं क्रीम वापरणाऱ्या एकाच घरातल्या तिघींच्या किडन्या बिघडल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला, क्रीममध्ये पारा सापडला. ‘पारा विषच, त्यानं किडनी जाळली’ असं ती बातमी वाचून अनेकांना वाटलं असेल. पारा किडनीला थेट इजा करतोच. पण त्याची आणखी एक वाट आहे, आणि त्या वाटेवर घाव घालतात ते आपलेच प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी.

आपल्या एकेका किडनीत सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसाला साधारण 180 लिटर पाणी त्यांतून गाळलं जातं आणि त्यातलं बहुतेक परत रक्तात जातं. गाळणीतल्या केशवाहिन्यांना बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी बिलगून असतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत, तसे त्यांचे बारीक पाय एकमेकांत गुंफलेले असतात. मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या आजारात नेमके या पायांखाली प्रतिपिंड साचतात. त्यांच्यामागोमाग रक्तातली पूरक (कॉम्प्लिमेंट) प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडांची साथीदार, येतात आणि पोडोसाइटला जखमी करतात. पाय पसरट होतात, गुंफण सुटते, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन लघवीत गळू लागतं. लघवीला फेस येतो आणि तो लवकर बसत नाही. घोट्यावर अंगठा दाबून उचलला तर खळगा तसाच राहतो.

इथे एक सांगायलाच हवं. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणत चूर्ण विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला आहे. या रुग्णांची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती चुकीच्या पत्त्यावर पोचलेली असते. रिटुक्सिमॅबसारखं औषध देऊन प्रतिपिंडांच्या कारखान्याला लगाम घालावा लागतो.

पण तो पत्ता कोणता, म्हणजे प्रतिपिंडांचं लक्ष्य नेमकं काय? क्लीव्हलंडमध्ये वॉल्टर हेमन यांनी 1959 मध्ये उंदरांना उंदरांच्याच किडनीचा अर्क टोचून हा आजार घडवून आणला होता. पुढे 1980 च्या दशकात उंदरांमधलं लक्ष्य सापडलं, मेगॅलिन नावाचं प्रथिन. माणसाच्या पोडोसाइटवर मात्र मेगॅलिन नसतं! 2002 मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी एका नवजात बाळाची नोंद केली. आईच्या शरीरात एक प्रथिन जन्मतःच नव्हतं, म्हणून गर्भातलं तेच प्रथिन तिला परकं ठरलं. तिचे प्रतिपिंड वारेतून बाळात गेले आणि त्याच्या पोडोसाइटवर जाऊन बसले. माणसातही लक्ष्य पोडोसाइटवरच असू शकतं, हे सिद्ध झालं. पण प्रौढ रुग्णांचं लक्ष्य हे नव्हतं.

यानंतरची गोष्ट मला फार आवडते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ, विशिष्ट घडी घातलेली. ती घडी मोडू नये म्हणून जागोजागी गंधकाचे टाके असतात. सिस्टीन या अमिनो आम्लातला गंधक दुसऱ्या सिस्टीनच्या गंधकाला जोडला गेला की एक टाका पडतो. प्रयोगशाळेत प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करतात, तेव्हा हे टाके उसवणारं रसायन आधी घालण्याची पद्धत आहे, कारण सरळ झालेली माळ नीट मोजता येते. बॉस्टनमध्ये लॉरेन्स बेक आणि डेव्हिड सॅलंट यांच्या चमूनं ते रसायन घातलंच नाही. निरोगी किडनीच्या गाळण्यांचा अर्क टाके शाबूत ठेवून जेलवर चढवला आणि त्यावर रुग्णांचं रक्तद्रव सोडलं. 37 पैकी 26 रुग्णांच्या रक्तद्रवानं एकाच जागी पट्टा उमटवला. टाके उसवले की पट्टा गायब. प्रतिपिंड माळेला चिकटत नव्हते, घडीला चिकटत होते. ते प्रथिन निघालं फॉस्फोलायपेज ए2 रिसेप्टर, थोडक्यात पीएलए2आर. हे 2009 साल. हेमन यांच्या उंदरांपासून 50 वर्षं!

आता हे प्रतिपिंड साध्या रक्तचाचणीत मोजता येतात आणि अनेकदा बायोप्सीची गरजही उरत नाही. उपचार लागू पडले की आधी प्रतिपिंड घटतात, लघवीतलं प्रोटीन काही महिन्यांनी कमी होतं. प्रोटीन अजून जातंय म्हणून हवालदिल झालेल्या रुग्णाला हा आकडा मोठा धीर देतो.

त्यानंतर आणखी लक्ष्यं सापडली, 2014 मध्ये टीएचएसडी7ए आणि पुढे नेल-1 ही प्रथिनं. इथे पारा परत येतो. केरळमधल्या डॉक्टरांनी जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचे 22 रुग्ण तपासले. त्यांतल्या 15 जणांच्या गाळण्यांत नेल-1 होतं आणि त्यांतल्या 13 जणांनी गोरेपणाची क्रीमं वापरल्याचं सांगितलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी पारा असलेल्या पारंपरिक औषधांशीही नेल-1 चा असाच संबंध दाखवला. त्वचेचा रंग बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला तांबं लागतं. पारा त्याचं काम अडवतो, चेहरा उजळतो आणि तोच पारा कातडीतून रक्तात उतरतो.

नेल-1 आढळलं तर कर्करोग नाही ना, हेही पाहावं लागतं. पण क्रीम किंवा ते औषध बंद केलं की बऱ्याच रुग्णांचं प्रोटीन हळूहळू कमी होतं. म्हणून पायांवरची सूज घेऊन आलेल्या तरुण मुलीला किडनीचे डॉक्टर आता विचारतात, ‘चेहऱ्याला काय लावतेस? डबी घेऊन ये.’