अंडं न फोडता गाडी फाडायची

अग्निशमन दलातल्या जवानाच्या दोन्ही हातांत हायड्रॉलिक स्प्रेडर आहे. अपघातातल्या गाडीचं दार फाकवणारं हे अवजार असं वजनदार की दोन मिनिटांत खांदे भरून येतात. पण आत्ता समोर गाडी नाही, टेबलावर एक अंडं आहे. ते जबड्यात धरायचं, उचलायचं आणि शेजारच्या पेल्यात ठेवायचं. फुटलं की दुसरं अंडं!

अग्निशमन दलांच्या प्रशिक्षणात असे खेळ मुद्दाम घेतात, कारण या जबड्यामागे साधारण ७०० बारचा दाब असतो. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. तत्त्व गॅरेजमधल्या जॅकचंच, पास्कलचं: बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. मात्र इथे पत्र्यापलीकडे, वीतभर अंतरावर कुणाचा तरी गुडघा असतो. ताकद मशीन देतं. थांबायचं कुठे, ते हाताला शिकवावं लागतं.

खरा सराव भंगारातून आणलेल्या गाड्यांवर होतो, आणि नवशिक्यांची तिथे जरा निराशाच होते. कटर हातात येतच नाही. आधी गाडीखाली लाकडी ठोकळे आणि पाचरी सारायच्या, कारण स्प्रिंगांवर गाडी हलली की आतल्या जखमीची मानही हलते. मग बॅटरी. पण ती सोडवण्याआधी पॉवर विंडो खाली आणि इलेक्ट्रिक सीट मागे घ्यायची. वीज गेल्यावर त्या हलणार नाहीत. तार काढताना आधी निगेटिव्ह. गाडीचा पत्रा निगेटिव्हलाच जोडलेला असतो, म्हणून पॉझिटिव्ह सोडवताना पाना त्याला टेकला तर ठिणगी उडते. निगेटिव्ह आधीच सुटलेली असेल तर सर्किटच पुरं होत नाही. सांडलेल्या पेट्रोलजवळ हा क्रम चुकवून चालत नाही.

सगळ्यात अवघड धडा पुढे आहे. आधुनिक गाडीच्या खांबांत, विशेषतः दोन दारांमधल्या बी पिलरमध्ये, बोरॉनयुक्त पोलाद असतं. सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवून थंड साच्यात दाबल्यामुळे ते साध्या पत्र्याच्या कैक पट मजबूत होतं. धडकेत प्रवाशाला वाचवणारा हाच पिंजरा नंतर सुटकेच्या आड येतो. जुन्या कटरची पाती त्यावर चालत नाहीत. म्हणून दहा-वीस वर्षं जुन्या भंगारावर केलेला सराव कधीकधी फसवा ठरतो. २०२० मध्ये व्होल्वोने बचाव पथकांच्या अभ्यासासाठी नव्याकोऱ्या गाड्या क्रेनने ३० मीटर उंचावरून खाली टाकल्या, त्या याचसाठी.

शिवाय छताच्या कडेला पडदा-एअरबॅग फुगवणारी, दाबाखालच्या वायूची नळकांडी दडलेली असतात. त्यांच्यावर पातं चाललं तर स्फोटच. त्यामुळे नियम असा, की आधी आतलं प्लास्टिकचं अस्तर उचकटून बघा, मग कापा. इलेक्ट्रिक गाडीत उच्च व्होल्टेजची नारिंगी केबल दिसली की हात मागे. आपल्याकडे डिकीतली सीएनजीची टाकीही विसरून चालत नाही.

इतकं शिकल्यावर ब्रिटनमधलं अलीकडचं संशोधन वाचलं की गंमत वाटते. निरोगी स्वयंसेवकांच्या अंगावर सेन्सर लावून त्यांना वेगवेगळ्या पद्धतींनी गाडीबाहेर काढलं आणि मणका किती हलतो ते मोजलं. सगळ्यात कमी हालचाल छत कापून, फळीवर घेऊन बाहेर काढताना झाली नव्हती. सूचना ऐकत माणूस स्वतःच्या पायांनी उतरला, तेव्हा झाली होती! तिथल्या अपघात-नोंदींतही, गाडीत अडकलेल्या जखमींपैकी मज्जारज्जूला इजा झालेले शंभरात एकाहूनही कमी निघाले.

अर्थात पाय डॅशबोर्डखाली चेपलाय किंवा शुद्ध हरपलीये, तिथे कटरला पर्याय नाही. पण शुद्धीवर असलेल्या, सांगितलेलं कळणाऱ्या जखमीसाठी तिथल्या जवानांना आता अवजार उचलण्याआधी एक प्रश्न विचारायला शिकवतात: "तुम्हाला स्वतःहून उतरता येईल का?"