सामन्यात वापरलेली बेसबॉल बॅट : अस्सलपणाची पारख

संग्राहकांच्या बाजारात ‘सामन्यात वापरलेली’ म्हणून आलेल्या बॅटबाबत तीन प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात. ती त्या व्यावसायिक खेळाडूसाठी घडवली होती का? ती खरोखर वापरली गेली का? आणि वापरली, तर त्यानेच, सामन्यात वापरली का? पहिल्याचे उत्तर शिक्के देतात, दुसऱ्याचे लाकूड. बहुतेक दावे तिसऱ्यावर अडतात.

जुन्या बॅटींपैकी पुष्कळशा अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लुइव्हिलच्या हिलरिच अँड ब्रॅड्सबी कंपनीच्या, ‘लुइव्हिल स्लगर’ नावाच्या असतात. लाकडात डागलेल्या मधल्या शिक्क्याचा मजकूर आणि मांडणी वेळोवेळी बदलत गेल्याने त्यावरून काळ ठरवता येतो. मॉडेल क्रमांकातले अक्षर ते मॉडेल ज्याच्यासाठी प्रथम घडले त्याच्या आडनावाचे असते : ‘सी२७१’ होसे कार्देनालचे, ‘आर४३’ बेब रूथचे. हा क्रमांक १९७५ पर्यंत नॉबवर, म्हणजे मुठीच्या टोकाच्या गोळीवर असे. १९७६ पासून तो बॅरलवर, म्हणजे चेंडू मारायच्या जाड भागावर आला. खेळाडू रोबेर्तो क्लेमेंटे ३१ डिसेंबर १९७२ रोजी विमान अपघातात गेला. त्याच्या नावाच्या बॅटवर क्रमांक बॅरलवर दिसला तर पुढची तपासणी करण्याचे कारणच उरत नाही. नॉबवर नुसता ‘३४’ किंवा ‘३५’ असेल तर ती लांबी इंचांत असते आणि बॅट दुकानात विकायची.

कारखान्याच्या नोंदींत खेळाडूने मागवलेली लांबी आणि वजन मिळते. अॅशचे लाकूड वर्षानुवर्षे वाळते, त्यामुळे नोंदीपेक्षा अर्धा-एक औंस (१४ ते २८ ग्रॅम) कमी भरणे स्वाभाविक आहे. जास्त भरले तर त्याचा हिशेब पाइन टार (पकड घट्ट राहावी म्हणून मुठीला फासायचा चिकट, डांबरासारखा पदार्थ) किंवा चिकटपट्टीने लागला पाहिजे. लांबी मात्र वाळून कमी होत नाही. अर्धा इंच कमी असेल तर टोक घासले-कापले आहे का ते पाहावे.

वापराच्या खुणा तिरप्या उजेडात, बॅट सावकाश फिरवत पाहतात. चेंडूच्या शिवणीचे टाके लाकडात उमटतात. कधी चेंडूवरच्या छापाची शाईही उलटी उतरते. खुणा कुठे आहेत हे त्या किती आहेत यापेक्षा महत्त्वाचे. शिक्का वर धरून खेळण्याची रीत असल्याने, मूठ आपल्याकडे आणि शिक्का वर ठेवला की उजव्या फलंदाजाच्या खुणा डाव्या अंगाला दाटतात, डावखुऱ्याच्या उजव्या. डावखुऱ्याची म्हणून विकली जाणारी बॅट डाव्या अंगाला झिजलेली असेल, तर ती दुसऱ्याच कोणी वापरली आहे. गोल खळग्यांचे ठसे म्हणजे चेंडूफेक यंत्राचे रबरी चेंडू, अर्थात सराव. बॅट ठेवण्याच्या रॅकचा हिरवा-निळा रंग बॅरलला ओरखड्यांसारखा लागलेला असणे ही चांगली खूण. बुटांच्या खिळ्यांतली माती झटकताना पडलेले खड्डेही तसेच.

पाइन टार सहज फासता येतो, म्हणून त्याच्या असण्यापेक्षा त्याची तऱ्हा पाहावी : नियमाने तो मुठीच्या टोकापासून १८ इंचांपर्यंतच चालतो आणि प्रत्येक फलंदाजाची लावण्याची जागा ठरलेली असते. ताजा, एकसारखा, धूळ न धरलेला थर संशयास्पद. उलट खुणा कमी म्हणून बॅट बाद करणेही घाईचे ठरते; टेड विल्यम्स आपल्या बॅटी अल्कोहोलने पुसून स्वच्छ ठेवत असे. तडा गेलेल्या मुठीत खिळे ठोकलेले असले तर ते बहुधा नंतर ती बॅट मिळालेल्या पोरांचे काम. मोठ्या लीगमध्ये मोडकी बॅट जोडून कोणी खेळायला उतरत नाही.

मेपल लाकडाच्या बॅटीला आणखी एक कसोटी आहे. २००९ च्या हंगामापासून लाकडाच्या रेषांचा कल तपासण्यासाठी मुठीवर शाईचा ठिपका येऊ लागला. २०१२ ची म्हणवणारी, रंग न दिलेली मेपल बॅट बिनठिपक्याची असेल तर विक्रेत्याला विचारावे.

सह्यांच्या बनावटगिरीवर एफबीआयने केलेल्या कारवाईनंतर २००१ मध्ये मेजर लीग बेसबॉलने (तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगने) स्वतःची प्रमाणन पद्धत सुरू केली : मैदानावर हजर असलेला साक्षीदार वस्तूवर क्रमांकाचा होलोग्राम लावतो. होलोग्राम दिसला की खरेदीदार निर्धास्त होतात, आणि तिथेच फसतात. त्या क्रमांकाची नोंद वाचावी लागते, कारण होलोग्राम संघाने नुसत्याच दिलेल्या, न वापरलेल्या वस्तूंवरही असतो.

त्याआधीच्या बॅटींसाठी सर्वांत भक्कम पुरावा छायाचित्राचा. दोन बॅटींच्या लाकडाच्या रेषा सारख्या नसतात, म्हणून रेषा, गाठी आणि शिक्का कुठे कमी-जास्त डागला गेला आहे हे सामन्यातल्या स्पष्ट फोटोशी ताडतात. काळ्या रंगाच्या बॅटीत रेषा दिसत नाहीत. तिथे नॉबवर हाताने लिहिलेला जर्सी क्रमांक, चिकटपट्टीचे वेढे आणि रंगाचे उडालेले टवके यांवरच भागवावे लागते.