परदेशस्थ स्त्रियांची मैत्री आणि समुदाय

परदेशस्थ स्त्रियांची मैत्री आणि समुदाय : लग्न, नोकरी, शिक्षण किंवा जोडीदाराची बदली यांमुळे मायदेश सोडून राहणाऱ्या स्त्रिया परक्या देशात एकमेकींशी जोडतात ते संबंध आणि त्यांतून उभी राहणारी मंडळे. दोघींची जिवाभावाची मैत्री त्यात येते, तशीच नोंदणीकृत संस्था, प्रार्थनास्थळातले गट, भिशी, शाळेच्या दारात जमणारा आयांचा घोळका आणि व्हॉट्सअॅपवरचे गटही येतात. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२० साली सुमारे २८ कोटी लोक जन्मदेशाबाहेर राहत होते. त्यांत स्त्रिया ४८ टक्क्यांच्या आसपास होत्या. या स्त्रियांच्या एकत्र येण्याकडे बराच काळ ‘बायकांचा विरंगुळा’ म्हणून पाहिले गेले. हा समज चुकीचा आहे. मायदेशी जी कामे नातेवाईक आणि शेजारी न सांगता करतात, ती परदेशात या मैत्रिणी करतात.

आई तापाने फणफणली तर मुलाला शाळेतून कोणी आणायचे, बाळंतपणात रात्री सोबत कोणी थांबायचे, रुग्णालयाच्या फॉर्मवर ‘आणीबाणीत कोणाला कळवावे’ या रकान्यात कोणाचे नाव लिहायचे, हे सारे परदेशात नव्याने ठरवावे लागते. बहुतेकदा तिथे चारसहा महिन्यांच्या ओळखीच्या मैत्रिणीचे नाव लागते. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या स्त्रीची अडचण आणखी खोल असते. अमेरिकेत एच-४ (तात्पुरत्या नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) व्हिसावरच्या पत्नींना २०१५ पर्यंत नोकरीची परवानगीच नव्हती, आणि त्यानंतरही ती काही गटांनाच मिळाली. पदवी असते पण तिला मान्यता नसते. घराचा करार, बँकेतले खाते, फोनची जोडणी सगळे नवऱ्याच्या नावावर. कोणता दवाखाना विमा घेतो, कोणत्या कार्यालयात कोणता कागद लागतो, भाषेचा वर्ग कुठे फुकट चालतो, ही माहिती तिला आधी आलेल्या बाईकडून मिळते, आणि मैत्रीचा पहिला धागा पुष्कळदा असाच एखाद्या कागदावरून जुळतो.

ही मैत्री विलक्षण वेगाने घट्ट होते. अमेरिकी संशोधक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये नुकत्याच नव्या ठिकाणी राहायला गेलेल्या प्रौढांचा अभ्यास केला. साध्या ओळखीचे मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास आणि जवळची मैत्री व्हायला २०० तासांहून अधिक सहवास लागतो, असे त्यात दिसले. मायदेशी एवढा वेळ जमायला वर्षे जातात. परदेशात लहान मुलांच्या आया रोज दुपारी भेटतात, सणावाराला एकमेकींकडेच जातात, आजारपणात एकमेकींच्या घरी राहतात. तास भराभर साठतात. वय, शिक्षण, मिळकत यांत मोठे अंतर असलेल्या स्त्रियाही इथे जिवलग होतात. एरवी त्या कदाचित एकमेकींच्या वाऱ्यालाही उभ्या राहिल्या नसत्या.

संघटित रूपाचा इतिहास जुना आहे. १९०७ च्या कायद्याने परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकी स्त्रीचे नागरिकत्व जात असे. १९२२ मध्ये हा अन्याय अंशतः दूर झाला. परदेशांत राहणाऱ्या अमेरिकी स्त्रियांच्या क्लबांना जोडणारा महासंघ १९३१ मध्ये लंडनमध्ये कॅरोलिन कर्टिस ब्राउन यांच्या पुढाकाराने स्थापन झाला आणि नागरिकत्व हा त्याच्या कामातला मोठा विषय राहिला. चहापानासाठी जमणाऱ्या बायका, एवढीच ओळख त्याला पुरत नाही. आज सर्वत्र वापरली जाणारी ‘कल्चर शॉक’ (परक्या संस्कृतीत गेल्यावर उडणारा गोंधळ) ही कल्पनाही एका महिला क्लबशी जोडलेली आहे. मानवशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९५४ मध्ये रिओ दि जानेरो येथील महिला क्लबपुढे व्याख्यान देऊन ती सविस्तर मांडली. राजनैतिक अधिकाऱ्यांच्या पत्नींचा इतिहासही बोलका आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्यात पतीच्या गोपनीय अहवालात पत्नीच्या वागण्याचेही मूल्यमापन होई. ही पद्धत १९७२ मध्ये थांबली. वरिष्ठाच्या पत्नीची मर्जी सांभाळावी लागत असताना मोकळी मैत्री किती अवघड असेल, याची कल्पना यावरून यावी.

घरकामासाठी परदेशी गेलेल्या स्त्रियांचे समुदाय हा या विषयातला सर्वांत समृद्ध भाग आहे. कंपनीच्या खर्चाने राहणाऱ्या कुटुंबांतल्या स्त्रिया आणि त्यांच्याच घरात राबणाऱ्या स्त्रिया एका शहरात राहतात, तरी त्यांची मंडळे सहसा वेगळी असतात. ही दरी लेखनातही पुष्कळदा झाकली जाते. हाँगकाँगमध्ये तीन लाखांहून अधिक परदेशी घरकामगार आहेत, बहुतांश फिलिपिनो आणि इंडोनेशियन स्त्रिया. नियमानुसार त्यांना मालकाच्याच घरी राहावे लागते, पण आठवड्यातून एक सुट्टी मिळते. स्वतःची खोली नसल्याने रविवारी सेंट्रल भागातले पदपथ आणि एचएसबीसी बँकेच्या इमारतीखालची मोकळी जागा, तसेच व्हिक्टोरिया पार्क, या स्त्रियांनी भरून जाते. पुठ्ठे अंथरून त्या बसतात, केस कापतात, नाचाचा सराव करतात, घरी पैसे पाठवतात, वेतनाच्या तक्रारी लिहून घेतात. नोकरी सुटली की साधारण दोन आठवड्यांत हाँगकाँग सोडावे लागते. अशा वेळी आसरा देण्यासाठी १९८६ पासून बेथून हाउस हे निवारागृह चालते. बैरूतमध्ये जानेवारी २०१५ मध्ये घरकामगारांनी, ज्यांत परदेशी स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, संघटना उभारली. लेबनॉनच्या सरकारने तिला मान्यता दिली नाही.

पैशाचा भरवसाही या मैत्रीवर उभा राहतो. १९५० आणि ६० च्या दशकांत ब्रिटनमध्ये आलेल्या कॅरिबियन कुटुंबांना बँका सहजी कर्ज देत नसत. दर आठवड्याला ठरावीक रक्कम जमवून आळीपाळीने एकीला द्यायची ‘पार्डनर’ ही पद्धत त्यांनी सोबत आणली होती. घराच्या पहिल्या हप्त्याची रक्कम अनेकांनी तीतूनच उभी केली. हिशेब ठेवणारी व्यक्ती अनेकदा स्त्री असे आणि तिचा शब्द हेच तारण असे.

याच समुदायाचा जाचही होतो. वर्तुळ लहान असल्याने कोणाच्या घरात काय चालले आहे ते दुसऱ्या दिवशी सर्वत्र पोचते. नवऱ्याकडून मारहाण होत असलेल्या स्त्रीला ‘घरातली गोष्ट घरातच ठेव’ असे सांगणाऱ्याही ओळखीच्याच बायका असतात. तिचा निवास नवऱ्याच्या व्हिसावर टिकून असेल तर घर सोडणे म्हणजे देशही गमावणे. यातूनच ओळखीच्या वर्तुळाबाहेरच्या संस्था निघाल्या. लंडनमध्ये १९७९ साली साउथॉल ब्लॅक सिस्टर्स आणि न्यू जर्सीत १९८५ साली दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी मानवी ही संस्था सुरू झाली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स व इतर संघटनांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर २०१२ पासून ब्रिटनमध्ये जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या हिंसाग्रस्त व्यक्तीला तीन महिने सरकारी मदत घेऊन स्वतंत्र निवास-परवान्यासाठी अर्ज करता येऊ लागला. देशात राहण्याचा परवाना स्वतःच्या नावावर करून घेण्याची वाट मोकळी करणे, हा मला या साऱ्या चळवळीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

बदलीची नोकरी असलेल्यांच्या वसाहतींत मैत्रीला मुदत असते. दर उन्हाळ्यात काही कुटुंबे जातात, काही येतात, आणि मागे राहणारी स्त्री कधी कधी नव्या ओळखी करणेच थांबवते. निरोपाचा हा थकवा नवख्या बाईला अबोला वाटतो. म्हणून काही मंडळे प्रत्येक नव्या सदस्येला एक जुनी सदस्य नेमून देतात आणि पहिले काही महिने तिने फोन करायचा असे ठरवतात. पांगलेल्या गटांचे व्हॉट्सअॅप मात्र चालू राहते. त्यातली एखादी तिसऱ्या देशात जायला निघाली की तिथल्या कोणाचा तरी नंबर, घर कोणत्या भागात घ्यावे याचा सल्ला आणि पहिल्या रात्रीच्या मुक्कामाचे आमंत्रण तिला विमानात बसण्याआधीच मिळालेले असते.