मुरार छावणीतलं क्वार्टर : अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

ग्वाल्हेरच्या मुरार छावणीच्या रस्त्यानं जाताना कुलूपबंद क्वार्टरं दिसली की शहराच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत विषय निघतोच. जावई सीमेवर, मुलगी लेकरांना घेऊन माहेरी, मग यातलं एखादं घर तिला का मिळू नये? मिळू शकतं. पण दाराला कुलूप आहे म्हणजे घर वाटपासाठी मोकळं आहे, असं नसतं. एखादं एमईएसकडे, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्याकडे, दुरुस्तीला गेलेलं असतं, एखादं राहण्यास अयोग्य ठरवलेलं, एखादं ठरावीक पदासाठी राखून ठेवलेलं. एखादं कुणाच्या नावावर वाटून झालेलं असतं, फक्त कुटुंब अजून पोचलेलं नसतं. त्यामुळे ‘अमुक नंबरचं घर द्या’ अशा अर्जाला अर्थ नाही. अर्ज असतो प्रतीक्षा यादीत नाव लागण्यासाठी, आणि घर मिळतं ते पाळी आली की.

पहिली चूक होते ती अर्जासाठी कार्यालय निवडताना. कॅन्टोन्मेंट बोर्ड 2006 च्या कायद्यानुसार छावणीची नगरपालिका चालवतं, म्हणजे पाणी, सफाई, जन्मनोंदणी. क्वार्टर देणं त्याचं काम नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मुख्यतः माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठी आहे. एमईएस घरं बांधते, दुरुस्त करते. वाटप करतं ते स्टेशन हेडक्वार्टर, म्हणजे छावणीचं लष्करी मुख्यालय, तिथला क्वार्टरिंग विभाग. महाराजपूरच्या हवाई दलाची घरं वेगळी, त्यांची यादीही वेगळी.

पात्रता दोन वाटांनी येते. जवान ग्वाल्हेरलाच नेमणुकीवर असेल तर साधं मॅरिड क्वार्टर. घराचा प्रकार हुद्द्यावर ठरतो. तो कुटुंब नेता येत नाही अशा फील्ड भागात असेल तर सेपरेटेड फॅमिली क्वार्टर, ज्याला सगळे एसएफ म्हणतात. एसएफची घरं मोजकी असतात, म्हणून बदलीचा आदेश हातात पडला की लगेच अर्ज टाकावा. निवृत्तांना ही घरं नाहीत. आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशनची घरं विकत घ्यायची असतात, तो विषयच निराळा.

अर्ज बायकोनं नाही, जवानानं करायचा आणि तोही आपल्या युनिटमार्फत, कमांडिंग ऑफिसरची सही-शिक्का घेऊन. सोबत बदलीचा किंवा मूव्हमेंटचा आदेश, फील्डमध्ये असल्याचं युनिटचं प्रमाणपत्र, कुटुंबाचा एकत्र फोटो, आधार, डिपेन्डन्ट कार्ड (कुटुंबीयांचं लष्करी ओळखपत्र), आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्नाची व मुलांच्या जन्माची युनिटनं काढलेली अधिकृत नोंद. लग्न कितीही थाटात झालेलं असो, पार्ट टू ऑर्डर निघाली नसेल तर कागदोपत्री जवान अविवाहितच.

इथे आपल्याकडच्या मुलींची खास अडचण होते. ग्वाल्हेरच्या शाळेच्या दाखल्यावर हिंदी पद्धतीप्रमाणे नुसतं ‘स्मिता कुळकर्णी’, आधारवर लग्नानंतरचं आडनाव, आणि सासर साताऱ्याचं असेल तर पार्ट टू ऑर्डरमध्ये मधे नवऱ्याचं नाव. कुठे लग्नात नावही बदललेलं! तीन कागदांवर तीन बायका दिसतात आणि अर्ज परत येतो. पार्ट टू ऑर्डरमधलं नाव प्रमाण धरून आधार आधी सुधारून घ्या. नोंदच चुकली असेल तर दुरुस्ती युनिटकडूनच होते आणि तिला वेळ लागतो.

घर घेण्याआधी पैशाचा हिशेब करावा. घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे वर्ग केलेले आहेत, त्यात ग्वाल्हेर वाय वर्गातलं शहर आहे. 1 जानेवारी 2024 पासून इथला घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या 20 टक्के, म्हणजे 30,000 वर 6,000 रुपये. क्वार्टरचा ताबा घेतला की तो बंद होतो. माझ्या मते नवरा दूर असलेल्या बाईला शेजार, शाळेची बस आणि गेटवरचा पहारा यांची किंमत त्याहून जास्त आहे. पण मिळालेलं घर नाकारायचं असेल तर भत्त्यावर आणि यादीतल्या क्रमांकावर काय परिणाम होईल, ते युनिटच्या क्लार्ककडून आधी लेखी घ्या.

ताबा घेण्याला मार्चिंग इन म्हणतात. पंखे, गीझर, नळ, खिडक्यांच्या काचा यांची यादी समोर येते. सही करण्याआधी प्रत्येक नळ सोडून बघा, फुटकी काच तिथल्या तिथे लिहायला लावा. नाहीतर घर सोडताना ती तुमच्याच नावावर भरून घेतात. ताबा घेतल्याची आणि सोडल्याची, दोन्ही नोंदी युनिटकडे गेल्या का ते पाहा. सोडल्याची नोंद पोचली नाही तर घरात नसतानाही भत्ता बंदच राहतो.

‘फौजी क्वार्टर भाड्यानं मिळवून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका. ही घरं पोटभाड्यानं देता येत नाहीत. पकडले गेल्यास कारवाई जवानावर होते.