नक्षीदार फळीला साधी चौकट

लहरी रेषांची सागवानाची फळी खिडकीपाशी नेऊन हळूहळू तिरकी करून बघा. मघाशी उजळ असलेला पट्टा काळवंडतो आणि शेजारचा गडद पट्टा चमकायला लागतो. लाकडाचे तंतू म्हणजे अतिशय बारीक, पोकळ नळ्या. झाड वाढताना त्या नागमोडी वळल्या असतील, तर फळी कापल्यावर काही ठिकाणी नळ्यांची अंगं वर येतात आणि काही ठिकाणी कापलेली तोंडं. अंगावरून प्रकाश परततो, तोंडांत तो शिरून हरवतो. फळी हलली की कोन बदलतात, म्हणून नक्षीही हलते.

अशी फळी हाती आली की सगळं कपाट तिचंच करावं असं वाटतं. ते करू नये. लाकडाची ताकद तंतूंच्या लांबीत असते. आडवं ताणलं तर ते कित्येक पट लवकर फाटतं. लहरी लाकडात तंतू जागोजागी पृष्ठभागाबाहेर निघतात, त्यामुळे त्याचा बारीक पाय किंवा सांध्याची कूस (खाचेत शिरणारं टोक) तिथेच तडकू शकते. भार पेलायला सरळ रेषांचं साधं लाकूडच हवं. व्हायोलिनमध्येही हीच वाटणी आहे: पाठ लहरी मेपलची, पण तारांचा दाब झेलणारी वरची पाटी सरळ रेषांच्या स्प्रूसची.

दुसरं कारण पावसाळा. सागवान लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र फुगतं. चाळीस सेंटिमीटर रुंदीच्या फळीतली ओल उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत पाच टक्क्यांनी वाढली, तर ती साडेतीन मिलिमीटरच्या आसपास रुंदावते. म्हणून नक्षीदार फळी साध्या लाकडाच्या चौकटीत, खाचेत, सरस न लावता सैल बसवायची. चौकटीचं माप राहतं, आत फळी श्वास घेते.

पायांचं लाकूड निवडताना मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. तुकड्याच्या टोकाशी वाढीची वलयं कोपऱ्यातून कोपऱ्यात, ४५ अंशांत जात असतील, तर पायाच्या चारही बाजूंवर सरळ रेषा दिसतात. नाहीतर दोन बाजूंना रेषा आणि दोन बाजूंना डोंगरासारख्या कमानी येतात, आणि नजर नक्षीदार फळीवरून पायांकडे ओढली जाते.

रंधा मारताना लहरी फळी परीक्षा बघते. पातं दोन बोटं रेषेसोबत जातं आणि लगेच रेषेविरुद्ध. तिथे तंतू उपटून खड्डे पडतात. नेहमीच्या ४५ अंशांऐवजी ५५-६० अंशांत बसवलेलं धारदार पातं आणि कांद्याच्या सालीइतका पातळ छिलका, हे कामी येतं.

एक फळी जाडीत मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडली, की दोन दारांना आरशातली नक्षी मिळते. पण दुसरी फळी उलटल्यामुळे तिच्यातल्या तंतूंचा उतारही उलटा होतो. एकाच खिडकीच्या उजेडात एका दारावर पट्टा उजळतो, तर दुसऱ्यावर तोच पट्टा गडद. हा फरक कुठल्याही पॉलिशने जात नाही. मी दोन्हींमध्ये साध्या सागवानाची दोन बोटं रुंद उभी पट्टी ठेवतो. फरक तसाच राहतो, पण मग तो जोडातली चूक वाटत नाही.